एक शिट्टी आत, दोन बाहेर

शिट्टी माझ्यापर्यंत आली तेव्हा वकीलसाहेबांनी ती रुमालात गुंडाळली आणि कोटाच्या खिशात ठेवली.

सोलापुरात आमच्या बालवीर पथकाचं मैदान गिरणीच्या भिंतीला लागून होतं. पोरांना कवायत, गाठी, प्रथमोपचार शिकवायला पथकाला नवे नायक हवे होते. काम बिनपगारी. आम्ही पाच जणांनी तीन महिने शिक्षण घेतलं. परीक्षेत मी पहिला आलो. शपथेच्या दिवसाची रीत अशी, की जुन्या नायकाने पथकाची पितळी शिट्टी वाजवायची आणि नव्याच्या हातात द्यायची. नव्याने वाजवायची, पुढच्याला द्यायची. वाजवली की तो नायक. चौघांनी वाजवली. पाचवा मी. जातीने मांग.

"तुमचं झालं असं समजा," वकीलसाहेब म्हणाले. ते पथकाचे अध्यक्ष. मग त्यांनी शिपायाला खूण केली. त्याने हलगी आणून माझ्यापुढे धरली. "लांबवर ऐकू जाते. शिवाय तुमच्या हातातलीच वस्तू."

मागे कुणी तरी हसलं. समोर पोरं रांगेत उभी होती. मी हलगी घेतली. "बरं, साहेब," म्हणालो. हे शब्द माझे आहेत. ते मी दुसऱ्या कुणावर ढकलत नाही.

उष्ट्याची ही भीती मला नवी नव्हती. गिरणीत मी सूतखात्यात होतो. कापडखात्यात आम्हाला घेत नसत. मागावरच्या धोट्यात धागा ओवताना तो तोंडाने ओढून घ्यावा लागतो. आज माझ्या ओठांना लागलेला धोटा उद्या दुसऱ्याच्या ओठांना लागणार. तेवढ्यासाठी ते दार बंद. मैदानाला दार नसतं, असं मला वाटलं होतं.

घरी आई भाकरी थापत होती. हलगी पाहून तिचा हात थांबला.

"तुज्या बानं हीच टाकली आन् सांगोल्याकडचं गाव सोडलं. तू गळ्यात घालून आलास व्हय?"

"पथकाची हाय, आये."

"कुणाची का असंना. वाजीवणारा कोण हाय?"

पुढच्या महिन्यात होटगीच्या बाजूला एका तळ्याकाठी शिबिर भरलं. पोहण्याचा नियम पोरांना पाठ होता. एक शिट्टी, पाण्यात. दोन शिट्ट्या, बाहेर येऊन जोडीदाराचा हात धरायचा. काठाच्या एका टोकाला मी, हलगी घेऊन. दुसऱ्या टोकाला बापूराव, माझ्याबरोबरचाच नायक. गळ्यात शिट्टी. दुपारी वारा पडला. पाणी काळं दिसायला लागलं. काही पोरं मधल्या खोल भागाकडे सरकत होती. मी हलगी वाजवली.

पोरं नाचायला लागली.

हलगी म्हणजे वरात. हलगी म्हणजे बेंदराची मिरवणूक. त्यांना तेवढंच माहीत. "वाजवा, मास्तर, वाजवा की," पोरं कंबर हलवत ओरडली. मी जोरात वाजवली. ती जोरात नाचली. त्यांच्या पलीकडे एक डोकं पाण्याखाली गेलं. वर आलं. पुन्हा गेलं.

"बापूराव, शिट्टी मारा."

"खेळू द्या की जरा. तुमीच तर नाचवताय."

मी पळत गेलो. त्याच्या गळ्यातली शिट्टी ओढली. दोरी तुटली. दोनदा वाजवली.

नाच थांबला. पोरं बाहेर आली. जोड्या लागल्या. एकच पोरगा रिकाम्या हाताने उभा राहिला. त्याचा जोडीदार नरसू, विणकराचा मुलगा, आत होता. डोकं कुठे बुडालं ते मी पाहिलं होतं. उडी मारली. त्याला काठावर आणून पालथा घातला, पाणी काढलं. बऱ्याच वेळाने श्वास आला.

नरसू ओकत होता. बापूराव चुलीतली राख घेऊन शिट्टी घासत होता.

रविवारी वकीलसाहेबांनी मला घरी बोलावलं. कागद लिहून तयार होता. तळ्यावर शिट्टी बापूरावांनी वाजवली, असा मजकूर. खाली माझी सही हवी होती.

"पोरगा कसा आहे, ते विचारलं नाहीत तुम्ही," मी म्हणालो.

"बरा आहे, कळलं. शिट्टीचं बाहेर कळलं तर पालक पोरं काढून घेतील. सही करा. हलगी तुमच्याकडेच राहील."

"नाही केली तर?"

"तुम्ही समंजस आहात. तुमची वस्ती कुठली, खातं कुठलं, पथकाला ठाऊक आहे. सही नसेल तर पुढच्या रविवारी मैदानावर येऊ नका. तिथे सगळ्यांच्या हातात काठ्या असतात."

आवाज चढला नाही. त्यांनी चहा मागवला. एक कप आला.

मी कागद टेबलावर ठेवला. सही न करता. त्यावर हलगी ठेवली आणि बाहेर पडलो.

दुसऱ्या दिवशी मंगळवार पेठेतून पितळी शिट्टी आणली. आई म्हणाली, "दे बगू." तिने ती तोंडात धरून वाजवली. "लई लांब जातंय की," म्हणाली आणि माझ्या हातात दिली. रीत तीच. मी वाजवली. मग वस्तीतल्या आठ पोरांनी एकामागून एक वाजवली. शनिवारी नरसू आला. त्यानेही वाजवली. कुणी पुसली नाही. पुसणाऱ्याला या पथकात जागा नाही, हे मी त्याच दिवशी ठरवलं.

रविवारी मैदानाच्या फाटकाशी चौघे उभे होते. काठ्या घेऊन. मधोमध बापूराव. माझ्यामागे नऊ पोरं, जोडीजोडीने. नववा नरसू. त्याचा हात मी धरला होता. निघतानाच मी पोरांना सांगितलं होतं, पहिली काठी माझ्यावर पडेल, तुम्ही हात सोडायचे नाहीत.

"परत फिरा," बापूराव म्हणाला.

मी शिट्टी ओठांत धरली. एकदाच वाजवली.

एक म्हणजे आत.