मावशीची हद्द

नवलाख उंबरे गावातल्या सारिकाला कंपनीतल्या पोरी पॅकिंगवाली ताई म्हणतात, आणि गावातली म्हातारी माणसं 'ती लिवनारी'. गोऱ्या नटीला काळं फासून सावळी नायिका का करतात, बायकी चालीचा गडी पडद्यावर आला की तो हसण्यापुरताच का असतो, असा लेख तिनं एका दिवाळी अंकात लिहिला होता. तिची आई, अंबूबाई, रंगानं काळीच. लेख वाचून घेतल्यावर म्हणाली, "हे मी टीव्हीला रोज सुनावते. तू लिवलंस, बरं केलंस."

तो लेख हौशीराम आबांच्या कानावर गेला. आबा गावच्या मंडळाचे ढोलकीवाले. बाहेरचा तमाशाचा फड यायचा बंद झाल्यापासून जत्रेच्या दुसऱ्या सकाळची हजेरी, म्हणजे देवळापुढचा खेळ, मंडळच करतं. त्यात गवळणींना बाजाराला घेऊन निघणारी मावशी पंधरा वर्षं कैलास करत आला होता. यंदा तो अडून बसला.

"तेच जुनं बोलनं असंल तर मी लुगडं नेसत न्हाई, आबा. लोकं मावशीला न्हाई, मला हासत्यात."

आबा सारिकाच्या दारात आले. "पोरी, नवं लिवून दे. पन लोकं हासली न्हाईत, तर पुढल्या साली जुनंच. मग कैलास ऱ्हावो का जावो."

आठ दिवसांत तिनं अकरा पानं लिहिली आणि देवळाच्या पायरीवर बसून कैलासला वाचून दाखवली. तो मान खाली घालून ऐकत राहिला.

"ताई, रागावू नगंस. बोलाया गेलं की दाताखाली खडा येतोय. हे भाषान हाये."

सारिकाला लागलं. पण खरं होतं. कंपनीत खराब माल ती स्वतःच्या हातानं बाजूला काढायची. पानंही तशीच काढली.

"मग तू बोल. लोकं काय विचारत्यात तुला?"

"बाप्या का बाई, आनखी काय? घरचे लगीन कर म्हनत्यात. माझं मन बाईकडं जातच न्हाई, हे कुनाला सांगू? तुला सांगितलं तेवढंच."

"ते माझ्यापाशीच ऱ्हाईल. पन बाप्या का बाई म्हनल्यावर तू काय म्हनतोस?"

"हासतो."

"आन मनात?"

कैलास बोलला, ते तिनं जसंच्या तसं उतरवून घेतलं.

हजेरीला देवळापुढं पाय ठेवायला जागा नव्हती. किसनाच्या सवंगड्यानं काळ्या गवळणीची वाट अडवली. "ही डांबराची टाकी कुटं निघाली?"

मावशी पुढं सरली. "आन तुझा किसनदेव काय पावडर लावून जन्मला व्हय रं?"

बायकांची बाजू आधी हसली. त्यात अंबूबाईचा आवाज सगळ्यांत मोठा.

तेवढ्यात मोटारसायकलींच्या बाजूनं कोणीतरी ओरडलं, "मावशे, तू बाप्या का बाई?"

हा सवाल खेळात पुढं सवंगड्यानं विचारायचा होता. आत्ता विचारणारा खराखुरा होता. कैलास थबकला. आबांची बोटं ढोलकीवर थांबली. सारिकानं वही छातीशी धरली.

कैलासनं पदर कमरेला खोचला.

"मोजनीला आलास व्हय रं? जा, बांधावर जाऊन शेताची हद्द बघ! माझी हद्द मला ठावकी हाये!"

जमिनीच्या मोजणीपायी सख्ख्या भावांनी बोलणं टाकलेलं ते गाव. ते असं हसलं की ओरडणाऱ्याच्या दोस्तांनीच त्याच्या पाठीत धपाटे घातले. ढोलकी कडाडली.

शेवटी आबांनी माईक धरला. "लिवनारी, आपली सारिका!" लिहिणाऱ्याचं नाव मंडळानं आजवर कधी घेतलं नव्हतं.

सारिका खालूनच ओरडली, "आन कैलास! त्याचं बी नाव घ्या, आबा!"

आबांनी घेतलं, दोनदा घेतलं.

दरवर्षी खेळ सुटला की कैलास देवळामागं जाऊन घाईघाईनं लुगडं सोडायचा. यंदा तो तसाच, नथीसकट, भेळेच्या गाडीवर जाऊन उभा राहिला. वही काखेत मारून सारिका त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली.

"तिखट टाक," कैलास भेळवाल्याला म्हणाला, "आन ताईला आधी दे. पुढल्या सालचं लिवायचंय तिला."