मशीनवरचा गणपती

गणपती घरात बसलेला असताना सुनेनं बोचकं उचलून उंबरा ओलांडायचा, हे आमच्या गावात कुणी ऐकलंही नव्हतं. मी ते केलं. बोचक्यात माझे कपडे नव्हते, दुकानाच्या ऑर्डरचे कापलेले ब्लाउज होते, पण बघणाऱ्यांना बोचकं तेवढं दिसलं. "देव घरात हाय आन् तू कुठं चाललीस गो?" सासूबाई ओटीवरून ओरडल्या. मी म्हटलं, "देव माझ्या मशीनवर हाय, म्हणूनच चाललेय." रामवाडीला येऊन रोह्याची एसटी पकडली आणि नागोठण्यापर्यंत नुसती रडत होते. रागानं. शेजारच्या बाईला वाटलं, घरात कुणी गेलं असेल.

पेणच्या शिवणक्लासातल्या बायांनो, गावात राहिलेल्या आणि माझ्यासारख्या बाहेर पडलेल्याही, तुमच्यासाठी हे लिहितेय. कारण धरमतरच्या खाडीकाठी ही गोष्ट अजून उलटीच सांगतात. म्हणे, हिला देव नकोसा झाला. अहो, देव कशाला नकोसा होईल? मला माझं मशीन हवं होतं!

आपण क्लासात कशा आलो होतो, आठवतंय ना? माझा नवरा काविळीनं गेलेला. कुणाचा दुसरीकडं नांदत असलेला. एकीचा तर डोलवीच्या कंपनीत शिफ्टला जातो सांगून गुत्त्यावर बसलेला. पहिल्या दिवशी एकीलाही सरळ टीप मारता येईना. शेवटी प्रत्येकीला पायमशीन मिळालं. माझं टेम्पोतून घरी आलं तेव्हा सासूबाईंनी नारळ फोडला, हळदकुंकू लावलं. मी हुरळून गेले. आणि त्या दिवसापासून ते मशीन सगळ्यांचं झालं, माझं सोडून. त्यावर दिराचा मोबाइल चार्ज होणार, त्यावर सोललेली कोलंबी ठेवणार, पाहुणा आला की चहाचा ट्रे तिथंच. शिवायला बसायचं तर आधी अर्धा संसार उचलायचा.

तरी चालवून घेतलं. मग क्लासच्या बाईंनी रोह्याच्या एका दुकानाचं काम मिळवून दिलं. गौरीच्या नाचाला बायका एकसारख्या नटतात ना, त्यांचे ब्लाउज. दुकानदार सरळ म्हणाला, गौरी यायच्या आत माल आला तर वर्षभर काम देईन, नाहीतर पुन्हा पायरी चढू नका. माझं सगळं त्याच्यावर अडकलेलं होतं. ते काम मिळालं तर मोसमापुरती मिठागरावरची मजुरी आणि उरलेलं वर्ष दिराच्या तोंडाकडं बघणं, दोन्ही संपणार होतं.

सगळं कापड कापून ठेवलं आणि हरतालिकेला पेणच्या बाजारात हूक-दोरा आणायला गेले. परत येऊन बघते तर माझं मशीन कोपऱ्यात सरकवलेलं, त्याचं डोकं आत पाडलेलं आणि वर मखर! दिरानं मखर हलू नये म्हणून टेबलाला चक्क खिळे ठोकले होते. सासूबाई मात्र खूश. "देवाला उंच जागा पायजे. तुझ्या मशीनचं सोनं झालं गो."

"पाटावर बसवा ना."

"खाली जमिनीला वल येते."

"मग मी शिवू कशावर?"

"पाच दिस नाय शिवलंस तर काय मरतंस का?" आणि दीर काय म्हणाला असेल? "गौरी गेल्यावर शीव की." गौरीचे ब्लाउज, गौरी गेल्यावर! डोकं आपटून घ्यावंसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी प्राणप्रतिष्ठा झाली. आता देव विसर्जनापर्यंत हलणार नव्हता. मला माझा बाप आठवला. मिठागराच्या कोंडीत मीठ धरलं होतं म्हणून तो सख्ख्या भावाच्या लग्नालाही गेला नव्हता. म्हणायचा, "मीठ माझ्यासाठी थांबतंय का?" मी आरतीला उभी राहिले, हात जोडले, नैवेद्य वाढला आणि बोचकं बांधलं.

रोह्याला आपली वंदना माहेरी राहत होती. क्लासात माझ्या शेजारी बसायची, नवऱ्यानं टाकलेली. तिच्या मशीनवर दोघींनी आळीपाळीनं शिवलं. गौरी येण्याच्या आदल्या दिवशी माल दिला. दुकानदारानं एक ब्लाउज उलटा केला, शिवण ओढून बघितली आणि म्हणाला, "पुढचं कापड घेऊन जा."

मी परत जाणार होते हो, खरंच. फोन केला, म्हटलं, विसर्जन झालं, येते. तर सासूबाई म्हणतात, "मशीन शेजारी दिलंय. त्यांचा साखरचौथीचा गणपती हाय, आपला गेल्यावर बसतो त्यो. त्यांना टेबल नव्हतं गो." मी फोन ठेवला. तो ठेवला आणि रोह्यातच राहिले.

आता इथं माझी भाड्याची खोली आहे, भाडं मी भरते. शिलाईचं एक मशीन आहे, ओव्हरलॉकचं आहे, दाराशी गिऱ्हाइकांचा बाक आहे. धाटावच्या कंपन्यांची शिफ्ट सुटली की बायका माप द्यायला येतात. गावची ताजी चिंबोरी इथं मिळत नाही, ओटीवरच्या गप्पा मिळत नाहीत, आणि त्याचं वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू. पण गावचं कुणी आलं की पिशवीतून ब्लाउजपीस काढणार आणि शिलाईचे पैसे मागितले तर म्हणणार, "तू काय परकी हायस?" मग सगळं वाईट वाटणं पळून जातं.

परवा सासूबाई आल्या. एकट्या, एसटीनं. बाक भरलेला. मी म्हटलं, "आई, आत या." त्या म्हणाल्या, "नाय. या पोरी आधी आल्यात," आणि बाकाच्या टोकाला टेकल्या. माझी टीप वाकडी गेली, उसवावी लागली. नंबर आल्यावर हात पसरून उभ्या राहिल्या. इतकी वर्षं एका घरात राहिलो, पण त्यांचं माप मी कधी घेतलं नव्हतं. दंड अगदी बारीक झालेत. मग माझ्या इथल्या मशीनवर हात फिरवत म्हणाल्या, "केवढं रुंद हाय गो हे. आपल्या देवाला..."

मी टेप खाली ठेवली. "बोला. आपल्या देवाला काय?"

"आपल्या देवाला यंदा चौरंग केलाय," त्या म्हणाल्या. "तुझं घरचं मशीन मोकळं हाय."

तेव्हा गणपतीला मी गावी जाणार आहे. मोदक वळीन, फेर धरीन, आरतीला ओरडून घसा बसवीन. आणि निघताना ते मशीन टेम्पोत घालून इथं आणीन. खिळ्यांची भोकं वंदना बुजवून देईल. माझ्याकडं शिकायला बाया येतात, एक मशीन कमीच पडतं. ते इथं आलं की माझं घर पुरं झालं. देव घरात असताना मशीन कुठं नेतेस गो, असं ओटीवरून कुणी विचारलं, तर ह्या वेळी उत्तर मी देणार नाही. सासूबाई देतील.