गोलखांबावर धरलेला फोकस
फोटो धुण्याच्या हायपोचा वास आला की गोंदियाचं रेल्वे मैदान आठवतं. फुलचूरच्या संघाचा फुटबॉलचा सामना होता, ऊन उतरत होतं आणि माझ्याकडे कॅमेऱ्यात घालायची काचेची एकच प्लेट उरली होती. धावत्या चेंडूवर फोकस धरता येत नसे, म्हणून मी तो आधीच गोलखांबावर लावून ठेवला. पण चेंडू तिकडे आलाच नाही तर? अखेर चेंडू आला, तर फुलचूरचा गोलकीपर खांबाशी हात मांड्यांना चिकटवून, स्टुडिओत उभा राहावा तसा ताठ! "अबे, हाल ना!" लोक ओरडले. "कसा हालू? फोटो काढून राहिले ना!" तो ओठ न हलवता म्हणाला, आणि गोल झाला. तो माझा सर्वांत स्पष्ट फोटो. पण तो फुलचूरला घेऊन जायची हिंमत अजून झालेली नाही.