शेवटची खिडकी

माझ्या मामेसासऱ्यांनी आयुष्यात कुठल्याही गोष्टीवर ती नेहमीच्या जागी आहे एवढ्यावरून विश्वास ठेवला नाही. जर्मनीत, कार्ल्सरूहेतल्या त्यांच्या स्वयंपाकघरात मीठ आणि साखर पंचवीस वर्षं त्याच दोन बरण्यांत आहेत, तरी चहात साखर घालण्याआधी मामा चिमूटभर जिभेवर ठेवणारच. फलाटावर गाडीचं नाव झळकत असलं तरी डब्यात चढून समोरच्या प्रवाशाला विचारणार. खाली बेल वाजली की स्पीकरमधून आवाज, "कोण? पूर्ण नाव सांगा!" यातून मामीसुद्धा सुटत नाहीत. "अहो, दोन्ही हातांत पिशव्या आहेत माझ्या!" असं ओरडून त्या शेवटी निमूट नाव सांगतात.

ऑफिसात मामा आणि मी एकाच टीममध्ये होतो. सॉफ्टवेअर आपोआप तपासणारे प्रोग्रॅम लिहायचे, हे आमचं काम. बटण दाबलं की ब्राउझरची नवी खिडकी उघडते, आणि प्रोग्रॅमने नेमकं तिच्यातच शिरून तपासायचं असतं. मी सरळ 'शेवटची खिडकी' असं लिहून मोकळा व्हायचो. मामा कळवळायचे. "जावईबापू, शेवटची म्हणजे कुठली? बटण दाबायच्या आधी उघड्या खिडक्यांची यादी घ्या, दाबल्यावर पुन्हा घ्या. यादीत नवी दिसेल ती आपली, गेनाऊ, अगदी बरोब्बर तीच! आणि आत शिरल्यावर पत्ता वाचा." मी मान डोलवायचो आणि आपलंच घोडं पुढे दामटायचो.

व्हायचं तेच झालं. मध्येच सूचनांची एक वेगळीच खिडकी उघडू लागली. माझा प्रोग्रॅम तिच्यात शिरून, कुठे चूक दिसत नाही म्हणून, सगळं ठीक असल्याचं सांगत राहिला. खरी चूक गिऱ्हाइकापर्यंत पोचली. मीटिंगमध्ये बॉसने त्या प्रोग्रॅमची फाइल पडद्यावर लावली, तर वर नाव मामांचं! त्यांचीच जुनी फाइल कॉपी करून मी वापरली होती आणि नाव बदलायचं राहून गेलं होतं. त्यांच्या निवृत्तीला तेव्हा दोन आठवडे उरले होते. मामांनी 'शेवटची खिडकी' वाचलं आणि माझ्याकडे एकदा पाहिलं. मी वहीत रेघोट्या ओढत बसलो.

"हो, माझं चुकलं," मामा जर्मनमध्ये म्हणाले.

संध्याकाळी मामांकडे कबुली द्यायला गेलो. काय बोलायचं ते पाठ केलं होतं. बेल दाबून "मामा, मी..." एवढंच म्हणालो, तर "या वर," म्हणत त्यांनी दार उघडलं. नाव विचारलंच नाही. वर गेल्यावर त्यांनी साखर चाखून चहा केला, मी तो प्यायलो आणि कबुली न देताच परत आलो. बॉसला मी आजही काही सांगितलेलं नाही, याची फार लाज वाटते. मामांच्या दाराशी हल्ली मी न विचारताच पूर्ण नाव सांगतो.