पिन मोकळी हाय का?
परवा नवी पेठेत चार्जरची वायर घेताना दुकानदार म्हणाला, “कुटल्याबी फोनला चालती ही, आता सगळ्यांची पिन एकच की!” आणि मला दिवसभर यंत्रमागांचा खडखडाट चालणारा आमचा जुना बोळ आठवला. तेव्हा प्रत्येक कंपनीची पिन वेगळी असायची. शेजारच्या, माढ्याकडच्या मावशींचा चार्जर जळला होता आणि त्यांच्या फोनला बसणारी रुंद पिन अख्ख्या बोळात फक्त आमच्याकडं होती. रोज दुपारी त्या दारातूनच विचारायच्या, “पिन मोकळी हाय का गं?” त्या दिवशीही आमच्या फळीवर फोन लावून त्या दळण आणायला गेल्या आणि गिरणीच्या पायरीवर कोसळल्या. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. पुण्यातल्या त्यांच्या मुलाला बोळातल्यांनी एवढंच कळवलं, की आईला बरं नाही, निघ. माझी आई दवाखान्यातून परत आली तेव्हा तिच्या पदराला सांडलेल्या पिठाचा वास येत होता, आणि फळीवरचा फोन वाजायला लागला. त्यावर मावशींच्या मुलाचंच नाव. वाजून थांबला, परत वाजला. शेवटी आईनं वायरीसकट तो कानाला लावला. गाडीच्या घरघरीतून तो ओरडून विचारत होता, “आई, बरी हाईस ना?” माझी आई म्हणाली, “व्हय रे बाळा. तू सावकाश ये.” “तुजा आवाज असा का येतोय?” आईनं डोळे मिटले. “पिन लावलीय की,” ती म्हणाली. आता आमच्या घरात सगळ्यांना एकच वायर चालते. पण चार्जिंगला लावलेला फोन वाजला, की आई अजून आधी पिन काढते, मगच उचलते.