पायपुसण्यावरचा मुकादम

कवळ्या करणाऱ्या माणसाला कुणी विचारत नाही. दात नीट बसले की आभार डॉक्टरीणबाईंचे, आणि टोचले की, "मागच्या खोलीत तो बसतो ना, त्यानेच घोळ घातला असणार." आमचा कवळीवाला वर्षानुवर्षं त्या मागच्या खोलीत प्लास्टर कालवत आला, मेण तापवत आला, गुलाबी हिरड्यांत एकेक दात बसवत आला. घरी जावं तर बायको टीव्हीपुढे आणि लेक फोनमध्ये. याने तोंड उघडलं की, "बाबा, हे सांगून झालंय तुमचं." मग बिचाऱ्याने बोलायचं तरी कुठे?

बोलायचं जिन्यावर. जिना म्हणजे काय, ते आधी सांगतो. कधीकाळी 'तिसरा मजला' नावाचा चार पोरांचा बँड होता. त्यांनी एकच कॅसेट काढली, ती कुणी घेतली नाही, आणि चौघे चार दिशांना पांगले. कॅसेटच्या कव्हरवर ना चेहरे ना नावं, नुसतं एका जिन्याचं चित्र. पण ज्या मूठभर लोकांनी ती ऐकली, ते कामातून गेले. कवळीवाला त्यातलाच. पुढे इंटरनेट आलं तेव्हा त्याने दोघातिघांना हाताशी धरून या वेड्यांसाठी एक साईट उघडली. तोच जिना. तिथल्या सभासदाला पायरी म्हणायचं. नवा आला की तो पायपुसण्यावर. त्याला तीन प्रश्न विचारायचे, उत्तरं पटली तरच वर घ्यायचा. कुणाला घ्यायचं आणि कुणाला हाकलायचं हे ठरवणारा मुकादम. तो मुकादम कोण, हे सांगायला नकोच. दिवसभर मान खाली घालून बसणारा माणूस जिन्यावर आला की काय ताठायचा म्हणता! भलेभले त्याला टरकून असायचे.

भांडणंही काय कमी झाली? सगळ्यात मोठं शेवटच्या गाण्यावरून. गाणं संपतं, क्षणभर शांतता, आणि मग खण्णकन काहीतरी पडतं. त्यामागोमाग एक बारीकशी थरथर. काय पडतं? कुणी म्हणे झांज, कुणी म्हणे खुर्ची. एकमेकांची उणीदुणी निघाली, निम्मे लोक रुसून निघून गेले. शेवटी मुकादमानेच लांबलचक लेख लिहून निकाल लावला. गायकाने संतापून माइकचा स्टँड आपटला, तो बँड फुटल्याचा आवाज, आणि ती थरथर म्हणजे त्याचा हुंदका. लोक वाचून रडले हो! तेव्हापासून पायपुसण्यावरचा तिसरा प्रश्न तोच झाला: शेवटी काय पडतं?

आणि गेल्या वर्षी एकाने उत्तर लिहिलं, "माझा जेवणाचा डबा. मी ड्रम वाजवायचो. उठताना पाय लागला."

अख्खा जिना हसून हसून लोळला. मुकादमाच्या मात्र डोक्यात तिडीक गेली. आपल्या हुंदक्याला हा डबा म्हणतो? त्याने सगळ्यांदेखत लिहिलं, "पुरावा काय? हे महाशय तोतया आहेत. इथे एकदा ठरलं की ठरलं." आणि दिलं हाकलून. त्यानंतर जिन्यावर कुणी थाप मारली की बाकीचे म्हणायचे, "डबा पाडू नकोस." आपल्यामुळे ही गंमत सुरू झाली म्हणून मुकादमाला कोण अभिमान!

तर परवाची गोष्ट. दात आधी मेणात बसवून तोंडात घालून बघतात आणि पेशंटला बोलायला लावतात. 'स' नीट निघतो का, शिट्टी तर वाजत नाही ना, हे ऐकायचं असतं. एरवी हे काम डॉक्टरीणबाईंचं, पण त्या दुसऱ्या खुर्चीवर अडकल्या होत्या, म्हणून यालाच हाक मारली. खुर्चीत एक किडकिडीत म्हातारा बसला होता.

"आजोबा, काहीतरी सलग बोला."

"काय बोलू?"

"काहीही. तरुणपणीचं सांगा."

"तरुणपणी मी एका बँडमध्ये ड्रम वाजवायचो," म्हातारा म्हणाला. "तुम्ही नाव ऐकलं नसेल. एकच कॅसेट निघाली. तिच्या शेवटी माझा डबा पडल्याचा आवाज आहे. पायच लागला त्याला! स्टुडिओची वेळ संपत आली होती, परत कोण वाजवणार? राहिला तसाच."

'स' अगदी स्वच्छ निघत होता. कवळीवाल्याच्या तोंडचं पाणी पळालं.

"मग... हे कुणाला सांगितलं नाहीत?"

"सांगितलं की! बायकोला जन्मभर सांगत आलो. तिला वाटायचं, बढाया मारतोय. मग नातीने कॉम्प्युटरवर तो जिना शोधून काढला. म्हटलं, आता बघा! सगळ्या घराला भोवती बसवून लिहिलं. तर तिथला कुणी मुकादम आहे, तो मला तोतया म्हणाला. झालं! घरात तेच नाव पडलं. तोतया, जेवायला या. तोतया, दार लावून घ्या. बायको म्हणते, परक्यांनीसुद्धा ओळखलं तुम्हाला." म्हातारा हसला, पण ते हसू काही खरं नव्हतं.

"त्या मुकादमाचा राग नाही आला?"

"राग कसला? असेल बिचारा कुणीतरी, ज्याचं घरी कुणी ऐकत नाही."

मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय, ते आमच्या कवळीवाल्याला तेव्हा कळलं. मागच्या खोलीत येऊन तो नुसता बसून राहिला. लाज वाटत होती, आणि ती कुणाजवळ बोलायची सोय नव्हती. त्याच्या मनात आलं, गुपचूप म्हाताऱ्याला जिन्यावर परत घ्यावं, कुणाला पत्ताही लागणार नाही. पण त्याच्या घरातलं काय? तिथे जे नाव पडलंय, ते कसं पुसायचं?

पक्की कवळी हातात देताना त्याने हिय्या केला. "आजोबा, तो मुकादम मीच."

म्हाताऱ्याने दात बसवले, एकदा चावून पाहिले आणि मग याच्याकडे पाहिलं. "मला सांगून काय उपयोग? घरी चला. तिला सांगा."

घर लहानसंच होतं. आजी पलंगावर वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होत्या. कवळीवाल्याने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. त्यांनी हातातला टॉवेल घडी करून ठेवला आणि विचारलं, "पुरावा काय?"

"अं?"

"तुम्ही यांचे दोस्त असाल. शिकवून आणलं असेल यांनी. तुम्हीच मुकादम, याला पुरावा काय?"

याने घाईघाईने फोन काढला आणि आजींच्या देखतच जिन्यावर लिहिलं, "डब्याची गोष्ट खरी आहे. ते ड्रमवाले खरेच होते. चूक माझी. मला क्षमा करा."

उत्तरं भराभर आली. "मुकादमानेच डबा पाडला!" "अरे, याचं खातं कुणीतरी चोरलंय." मग आली करवत. जिन्यावरची त्याच्या खालोखालची अधिकारी; जिभेला धार, म्हणून हे नाव. तिने लिहिलं, "खरे मुकादम असाल तर पुरावा द्या. तोवर पायपुसण्यावर." संशय आला की आधी खाली उतरवायचं, हा नियम त्यानेच केलेला! पडद्यावर तीन प्रश्न आले. पहिली दोन उत्तरं त्याने डोळे मिटून दिली. तिसरा प्रश्न आला: शेवटी काय पडतं?

स्टँड लिहिलं असतं तर तो सुटला असता. त्याचा अंगठा थांबला. आजी चष्मा लावून त्याच्या खांद्यावरून बघत होत्या. त्याने लिहिलं, "डबा."

"तोतया," करवतीने लिहिलं. "इथे एकदा ठरलं की ठरलं." आणि जिना बंद झाला.

आजींना हसू आवरेना. "अगंबाई! म्हणजे तुमच्याच घरातून तुम्हालाच हाकललं?"

"हो."

"तुम्ही खरे असून?"

"हो, आजी."

त्यांचं हसू हळूहळू मावळलं. "आणि असल्यांच्या सांगण्यावरून मी यांना वर्षभर..." त्या उठल्या, गॅलरीतून कपड्यांच्या चिमट्यांचा जुना स्टीलचा डबा आणला, चिमटे पलंगावर ओतले, झाकण लावलं आणि डबा स्टुलावर ठेवला.

"हाच ना तो? पाडून दाखवा."

"राहू दे गं आता," म्हातारा म्हणाला.

"पाडा म्हणते ना!"

म्हातारा स्टुलाशेजारच्या खुर्चीत बसला आणि उठता उठता त्याने पायाने स्टूल ढकललं. खण्णकन आवाज झाला. झाकण सुटलं आणि फरशीवर थरथरत, गोल गोल फिरत निवलं. अगदी तसंच. कवळीवाल्याने तो हुंदका हजार वेळा कानाला हेडफोन लावून ऐकला होता, त्यावर डोळे पुसले होते, लोकांनाही पुसायला लावले होते.

"हाच का हो तो आवाज?" आजींनी विचारलं.

"हाच," तो म्हणाला. वर बघायची त्याची हिंमत होईना. दोन-चार चिमटे पलंगावरून खाली पडले होते, ते तो वाकून वेचत राहिला.

आजींनी झाकण उचललं, पदराने पुसलं आणि नवऱ्याच्या हातात दिलं. "अहो," त्या म्हणाल्या, "बसा. पायाला लागलं नाही ना?"