आपाच्या फळीवरची तिसरी बाटली

आपा गेल्याचा फोन आला तेव्हा मी भिगवणला टेम्पोत मासळी भरत होतो. तिला जाऊन आता काही आठवडे झाले. लोक म्हणतात, राग सोड. मी सोडत नाही.

आपा माझी थोरली बहीण, आमच्याच घरी राहून बारामतीला कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची. माझ्या टेम्पोचा डिझेल पंप जाम झाला तेव्हा तिनं माझ्याकडून तीन बाटल्या भरून घेतल्या. एकीत हायवेच्या पंपावरचं डिझेल, दुसरीत ढाब्यांच्या जळक्या तेलापासून केलेलं बायोडिझेल, तिसरीत आमच्या गावचे संपतराव बॅरलमधून स्वस्तात विकायचे ते. कॉलेजच्या यंत्रातून निघालेले तिन्ही आलेख तिनं ओट्यावर पसरले. "हे बघ, पंपावरच्या डिझेलात कार्बनच्या साखळ्या लहान-मोठ्या, क्रमानं चढत्यात नि उतरत्यात. बायोडिझेलच्या साखळीला ऑक्सिजन चिकटल्याला, आन् साखळ्या मोजक्याच जातीच्या, म्हणून मोजकीच उंच टोकं. आन् ह्या तिसऱ्यात सुरुवातीलाच आखूड साखळ्यांची गर्दी. सॉल्व्हंट, रंग पातळ करायचं स्वस्त द्रावण, मिसळलंय. पंपाला वंगणच मिळंना, मग जाम न्हाय व्हणार तर काय?"

तिनं हे गावात उघड सांगितलं. संपतरावांनी कॉलेजवर दबाव आणला आणि माझ्या आपाला त्यांच्यापुढं उभं करून माफी मागायला लावली. त्यानंतर ती शिकवत राहिली, पण घरात बोलेनाशी झाली. दुखणं मागाहून आलं. माझ्या लेखी ती त्याच दिवशी खचली.

आपाच्या चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला संपतराव नव्या डिझेल गाडीतून आले. अंगणात चारचौघांत म्हणाले, "बाई लई हुशार, पर त्या डिझेलच्या बाबतीत चुकल्या बगा."

माझं टाळकं सरकलं. आपाच्या खोलीत गेलो, फळीवरची तिसरी बाटली घेऊन आलो.

"संपतराव, तुमचंच डिझेल हाय. तुमच्या गाडीत वततो. झाकण उगडा."

"आरं, खुळा का काय तू? नवी गाडी हाय!" ते धावले आणि टाकीचं झाकण दोन्ही हातांनी दाबून धरलं.

आमच्या शेजारचे तात्या हळूच म्हणाले, "म्हंजी आमच्या ट्रॅक्टरला चालतंय व्हय?"

संपतराव न जेवता गेले. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? पण तेवढ्यानं भागत नाही. त्यांनी त्याच कॉलेजात, आपाच्या वर्गासमोर माफी मागायची आहे. तोवर बाटली तिच्या फळीवरच राहील. बूच मी घट्ट बसवलं आहे, ती बसवायची तसं.